आजारपण काढणाऱ्या बाईची नोंद घ्या

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य



महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण आणलं ते १९९४ मध्ये. चौथं धोरण मार्च २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आलं. पावसाळ्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि २१ ते ६५ वयाच्या बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होऊ लागले. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये देणारी लेक लाडकी योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी अंगणवाडी आहे. पासष्टी ओलांडली की चष्मा, काठी, श्रवणयंत्र घ्यायला वयोश्री योजनेचे ३००० रुपये आहेत. या साऱ्याचं स्वागतच आहे.

हे पत्र पंचेचाळीस ते साठ या वयातल्या बाईबद्दल आहे. तिची मुलं हाताशी आलेली असतात, सासू-सासरे किंवा आई-वडील अंथरुणाला लागलेले असतात आणि तिची स्वतःची पाळी जायची वेळ झालेली असते. घराघरांतलं म्हातारपण आज प्रत्यक्षात तिच्या दोन हातांवर निभावतं आहे. तिच्या खात्यात १५०० रुपये येतही असतील. पण तिचे दिवसाचे तास कुठे जातात, हे कोणतीच योजना तिला विचारत नाही.

ते कुठे जातात ते पाहा. पक्षाघात झालेल्या सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. याचा अर्थ रात्रीही दर दोन तासांनी उठायचं. सकाळी डायपर बदलायचा, अंग पुसायचं, नाकातून नळी असेल तर पेज गाळून, कोमट करून सावकाश सोडायची, साखर तपासायची, सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या काढून ठेवायच्या. मग स्वतःचा डबा भरून कामावर जायचं, नाहीतर शेतात. साठ किलोंचा माणूस उचलून खुर्चीत बसवायचा तर कमरेवर भार न येऊ देता तो कसा उचलावा, याची एक रीत आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात ती शिकवतात. घरातल्या बाईला ती कोणी दाखवत नाही. ती आपली कमर खर्ची घालून शिकते.

आणि हे नेमकं त्या वयात, जेव्हा तिचं शरीर बदलत असतं. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला थांबते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्यानंतरच्या काही वर्षांत हाडं वेगाने विरळ होतात. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने ब्लाउज भिजतो, झोप तुटते, चिडचिड होते. ज्या बाईला रात्री तीनदा रुग्णासाठी उठावं लागतं, तिची झोप आपल्या घामाने मोडली की सासऱ्यांच्या हाकेने, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. बहुतेकींचं डॉक्टरकडे जाणंच होत नाही. २०२२ च्या नवरात्रात सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ या नावाने अठरा वर्षांवरील सर्व स्त्रियांच्या तपासणीची मोहीम काढली. कल्पना फार चांगली होती. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर शिबिरापर्यंत जायला आणि रांगेत उभं राहायला लागणारे तीन-चार तास त्या मातेने आणायचे कुठून?

आकडे सरकारचेच आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर माणसांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करत होत्या; पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के निघालं. देखभाल करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला १४० मिनिटं जात होती, पुरुषाची ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे. स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट ही कामं त्याखेरीज, आणि त्यांना या वयोगटातल्या बायका दिवसाला ३०५ मिनिटं देत होत्या. २०१९ च्या पाहणीत हाच आकडा ३१५ होता. पाच वर्षांत बाईच्या वाट्याची दहा मिनिटं सुटली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्येच सांगितलं की भारतात कमावत्या कामाच्या बाहेर असलेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के स्त्रिया घरच्यांच्या देखभालीमुळे बाहेर आहेत. पुरुषांचा आकडा १.१ टक्के.

पुढचा काळ याहून अवघड आहे. २०२२ मध्ये देशात साठीपुढची माणसं १०.५ टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत ती २०.८ टक्के होतील. स्मृतिभ्रंशाचे सुमारे ८८ लाख रुग्ण देशात आजच आहेत, असा एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं एक किंवा दोन. त्यातलं एक बंगळूरला किंवा न्यू जर्सीत. रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलाची माया खोटी नसते, पण आईला कुशीवर वळवायला हात लागतात, आणि ते गावात उरलेल्या लेकीचे किंवा सुनेचे असतात.

सून म्हटलं की २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आठवतो. या कायद्याने म्हातारपणी सांभाळ न करणाऱ्या मुलाकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर टाकली आहे. सून त्या व्याख्येत नाही. २०१९ मध्ये सून आणि जावई यांना व्याख्येत घेणारं विधेयक लोकसभेत आलं, पण ते मंजूर झालं नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत जिची जबाबदारी नाही, तीच बहुतेक घरांत सासू-सासऱ्यांचं सगळं करते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पालकांना देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याचं कौतुक झालं. न सांभाळणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण जी सांभाळते तिच्यासाठी काय, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला. मंत्रिमहोदय, या पत्राचं म्हणणं एवढंच आहे: जो चुकतो त्याच्याकडे राज्य पाहतं, जी करते तिच्याकडेही पाहावं.

‘अस्तु’ हा चित्रपट आपण पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे निघून जातात आणि त्यांची मुलगी इरा दिवसभर वणवण शोधत राहते. डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले शास्त्रीबुवा सगळ्यांच्या लक्षात राहिले. इरावती हर्षे यांनी केलेल्या मुलीचा थकवा, तिची अपराधी भावना, आपण पुरे पडत नाही याचा तिला आलेला संताप, यांच्याविषयी मात्र फारसं बोललं गेलं नाही. खरं तर मराठी पडद्यावर सांभाळणाऱ्या बाईच्या मनाचा इतका खोल तळ क्वचितच कोणी दाखवला असेल.

तो दाखवणाऱ्या सुमित्राताई मुळात समाजकार्याच्या प्राध्यापक आणि संशोधक. १९४३ चा जन्म. पहिला लघुपट ‘बाई’ १९८५ मध्ये, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. चित्रपटाचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढची साडेतीन दशकं त्या सिनेमा करत राहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली ती शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. बाईच्या आयुष्यात उत्तरार्धाला पालवी फुटते, याला महाराष्ट्रात पुरावे भरपूर आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात प्रौढ वयात पदवी घेणाऱ्या बायका आहेत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत गुलाबी लुगडी नेसून आज्या पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. ही सारी वाढ होते ती हाताशी असलेल्या मोकळ्या तासांत. पन्नाशीच्या बाईला सोमवार ते शनिवार रोज सलग दोन तास आपले म्हणून मिळाले, तर ती काय करील याची यादी ती स्वतःच देईल. शिवण, भजनी मंडळ, बचत गटाचा हिशोब, राहिलेली बारावी, चालायला जाणं, किंवा नुसतं दुपारी पडणं. शासनाने तिला छंद सुचवायची गरज नाही. तास सोडवून देण्याची आहे.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. ‘मध्यम वय’ सगळ्या बायकांना एकाच वेळी गाठत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने याची चौकशी केली. कोयत्यावर खाडा झाला की मुकादम दंड लावतो, म्हणून पाळीचं दुखणं कायमचं संपवण्याचा हा मार्ग बायकांना दाखवला गेला. यातल्या किती तरी जणी ऐन तिशीतल्या. शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते, आणि हाडं झिजायला सुरुवातही तेव्हापासूनच. मराठवाड्यातली तीस-पस्तिशीची ऊसतोड बाई आणि पुण्यातली बावन्न वर्षांची शिक्षिका यांच्या सांध्यांचं दुखणं एकाच जातीचं असू शकतं. आपल्या विभागाने या वयाची व्याख्या करताना जन्मतारखेवर थांबू नये.

मराठवाड्यातल्याच अनेक बायका आज पुण्या-मुंबईत ‘ब्युरोच्या बाई’ म्हणून रुग्ण सांभाळायच्या चोवीस तासांच्या कामावर आहेत. ज्या घरांना परवडतं ती घरं त्यांच्या भरवशावर चालतात. या बाईचं वयही बहुधा चाळीस-पन्नास. ती दुसऱ्याच्या आईचं करते तेव्हा तिची स्वतःची सासू गावाकडे कोणाच्या तरी शेजारधर्मावर असते. तिला आठवड्याची सुट्टी किती, झोप किती, आजारी पडली तर पगार किती, हे ब्युरो आणि घरमालक ठरवतात. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. या बायकांची त्यात मोहीम काढून नोंदणी झाली आणि ब्युरोंना कामाच्या तासांची किमान शिस्त लागली, तर रुग्ण आणि बाई दोघांचंही भलं होईल.

परदेशातल्या एका लढ्याची गोष्ट सांगणं इथे गैर होणार नाही, कारण तिची सुरुवात एका पत्रानेच झाली. मेरी वेबस्टर ही इंग्लंडमधली धर्मोपदेशक. आई-वडिलांचं करण्यासाठी तिने १९५४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, काम सोडलं. १९६३ मध्ये तिने ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची अडचण मांडली. देशभरातून बायकांची पत्रं आली. १९६५ मध्ये संघटना उभी राहिली आणि १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारने रुग्ण सांभाळणाऱ्यासाठी भत्ता सुरू केला. त्यातून विवाहित बायका वगळल्या होत्या. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात! जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईने आईसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, तो नाकारला गेला, आणि ती न्यायालयात गेली. जून १९८६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. जपानमध्येही बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, आणि एप्रिल २००० पासून तिथे दीर्घकालीन देखभालीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आहे. पगारी असो वा बिनपगारी, घरचं माणूसही त्यात येतं. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. त्याच्या अनुसूचीत पार्किन्सनचं नाव आहे, स्मृतिभ्रंशाचं नाही. ही उणीव केंद्राने भरून काढावी यासाठी राज्याने आग्रह धरावा, आणि तोवर जे त्यात बसतात त्यांचा भत्ता तालुक्यापर्यंत पोचावा. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम अगदी लहान आहे. पण सांभाळणारी व्यक्ती सरकारी यादीत आहे.

पैशाहूनही आधी शिकवणं आणि विसावा हवा. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी पाठवलं. या सल्लागारांनी आजार समजावून सांगितला, रुग्ण ओरडला किंवा संशय घेऊ लागला तर काय करायचं ते दाखवलं, आणि सांभाळणारीचं ऐकून घेतलं. रुग्ण बरे झाले नाहीत, होणारही नव्हते. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र सुधारलं. मोठं इस्पितळ, महागडी औषधं, यातलं काहीही त्यासाठी लागलं नाही.

महाराष्ट्रात अशी माणसं आधीच दारोदार फिरतात. आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरते. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या शंका त्यात येतात. त्याच फेरीत पन्नाशीच्या बाईला एक प्रश्न विचारता येईल: घरात तुम्ही कोणाचं करता का, आणि रात्री तुमची झोप होते का? आरोग्य खातं आपलं नाही, हे ठाऊक आहे. पण आपण आपल्या सहकारी मंत्र्यांशी बोललात तर हे एका बैठकीत ठरेल. उत्तर ‘हो’ आलं की तिची तपासणी घरी व्हावी आणि रुग्णाला वळवायचं-उचलायचं तंत्र परिचारिकेने तिला प्रत्यक्ष दाखवावं. अर्थात आशा सेविका स्वतः बहुधा याच वयाची आणि याच ओझ्याखालची असते. तिच्या कामात भर घालायची तर तिच्या मोबदल्यातही घातली पाहिजे.

शहरांत महापालिकांची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं आहेत. कॅरम, वर्तमानपत्र, गप्पा. चालत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी ती उत्तम आहेत. आठवड्यातले दोन दिवस तिथे एक प्रशिक्षित मदतनीस ठेवून परावलंबी वृद्धांना काही तासांसाठी घेता आलं, तर कितीतरी सुना-लेकींची दुपार मोकळी होईल. न्यायचं कसं, हाही प्रश्न आहेच. पंचाहत्तरीपुढच्या आजींना एसटी फुकट आहे आणि सुनेला अर्धं तिकीट आहे, पण जिला बसता येत नाही तिला एसटीत चढवणार कोण? केंद्राची गाडी घरापर्यंत आली तरच याला अर्थ आहे.

आणि रजा. राज्य सरकारच्या नोकरीतल्या स्त्रियांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की तिचा उपयोग संपतो, आणि बहुतेक घरांत नेमकं तेव्हाच म्हातारपण दारात येतं. मग अर्जित रजा संपते, बिनपगारी रजा संपते आणि वीस वर्षांची सेवा झालेली बाई स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरते. तिचा पगार वरच्या टप्प्यावर असतो, अनुभव पिकलेला असतो, आणि खातं एक चांगली शिक्षिका, लिपिक, तलाठी गमावतं. या रजेतले न वापरलेले दिवस आई-वडील आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी घेता यावेत. नवी वृद्धसंगोपन रजा सुरू केली, तर ती पुरुष कर्मचाऱ्यांनाही तितकीच मिळावी, आणि त्यांच्या वाट्याचे दिवस पत्नीच्या नावे वळवता येऊ नयेत. फक्त बायकांना रजा दिली तर प्रत्येक घर म्हणेल, तुला रजा आहे ना, मग तूच थांब. मुलाने आपल्या आईचं केलं पाहिजे, आणि ते करायला त्याला वेळ मिळाला पाहिजे.

आपल्या विभागापुढे लहान मुलींचे, अत्याचारग्रस्त स्त्रियांचे, कुपोषणाचे तातडीचे प्रश्न आहेत. त्यांच्या निधीतून काढून हे करावं असं कोणीच म्हणणार नाही. वर सुचवलेल्या गोष्टींपैकी निम्म्यांना नवा खर्च फारसा नाही. अर्जात एक प्रश्न, रजेच्या नियमात एक दुरुस्ती, मंडळाच्या नोंदणीची मोहीम, विरंगुळा केंद्राच्या वेळापत्रकात दोन दिवस. मराठवाड्यातला एक, विदर्भातला एक आणि कोकणातला एक असे तीन तालुके निवडून या वर्षी सुरुवात करा, आणि वर्षाअखेरीस तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांची संख्या विधिमंडळात जाहीर करा. ती संख्या आज राज्याकडे असायला हवी होती.

कळावे,
आपली,
एक मतदार